औषधाने चित्र जाईल का?

ताई,

मी २२ वर्षांचा. मुंबईत चित्रकला शिकतोय, शेवटचं वर्ष आहे. गाव सोलापूर जिल्ह्यात. आमचे आप्पा पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, ट्रकमागची अक्षरं, निवडणुकीच्या भिंती. मी पहिलीत असताना तालुक्याला फ्लेक्सचं मशीन आलं आणि दोन वर्षांत त्यांचं काम बंद पडलं. आता ते हंगामात साखर कारखान्यावर जातात. मला चित्रकलेला घालू नका असं सगळ्यांनी सांगितलं, तरी त्यांनी घातलं.

मागच्या ज्युरीत, म्हणजे परीक्षक सगळ्यांची कामं बघतात तेव्हा, एक सर सगळ्यांसमोर म्हणाले, "हात चांगला आहे रे, पण यात तू कुठे आहेस?" तेव्हापासून अडीच महिने मी कॅनव्हासला हात लावलेला नाही. रात्री एका कार्टून चॅनेलसाठी बॅकग्राउंड करून देतो, त्यावर खोलीचं भाडं निघतं. तेही निम्म्यावर आलंय, कारण चॅनेलवाला आता एआयकडून करून घेतो. पहाटे चारला झोपतो, बाराला उठतो. एक वेळ जेवतो. बाकी वेळ इन्स्टावर बॅचमधल्यांची कामं बघत पडून राहतो.

मित्र म्हणतो, मानसोपचारवाल्या डॉक्टरकडे जा. मला भीती वाटते की गोळ्यांनी माझ्यात जे काही थोडंफार आहे तेही मरेल. मोठमोठ्या चित्रकारांनी भोगलं म्हणूनच ते मोठे झाले ना? कधी कधी वाटतं, सकाळी जाग आलीच नाही तर बरं.

– एक विद्यार्थी, मुंबई

मित्रा,

शेवटचं वाक्य तू जाता जाता लिहिलं आहेस, पण मी तिथूनच सुरुवात करणार. जाग आलीच नाही तर बरं असं वाटणं आणि स्वतःचं काही करून घ्यावंसं वाटणं यांत अंतर असतं. कधी कधी ते एका रात्रीत संपतं. म्हणून सरळ विचारते. जीव द्यावा असं मनात येतं का? कसं, कधी, याचा विचार केला आहेस का? असं उघड विचारलं की नसलेला विचार डोक्यात शिरतो, अशी आपल्याकडे समजूत आहे. तसं होत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणसाला मोकळं बोलता येतं.

उत्तर 'हो' असेल, किंवा 'नक्की सांगता येत नाही' असं असेल, तर पुढचं आज वाचू नकोस. ज्या मित्राने तुला डॉक्टरकडे जा म्हटलं त्याला आत्ता फोन लाव आणि 'आज रात्री माझ्यासोबत राहा' एवढंच सांग. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी सेवेचा नंबर आहे. रात्री तीनलाही उचलतात, पैसे लागत नाहीत, मराठीतून बोलता येतं. आणि स्वतःची खात्री वाटेनाशी झाली तर दोघं मिळून जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा. हात मोडलेल्या माणसाइतकाच तुझाही तिथे हक्क आहे.

आता गोळ्यांचं.

मी डॉक्टर नाही. मी चित्रकार आहे, २४ वर्षं एका कला महाविद्यालयात शिकवलं आहे, आणि तुझी ही भीती मला आतून माहीत आहे. एकतिसाव्या वर्षी माझं पहिलं एकल प्रदर्शन झालं. सात दिवस मी गॅलरीत खुर्चीवर बसून होते. दोन लहान जलरंग गेले, त्यांतलं एक माझ्या मामाने घेतलं. फ्रेमवाल्याचे पैसे फेडायला वर्ष लागलं. पण ते दुःख मला पेलता आलं असतं. त्यानंतर जे सुरू झालं ते दुःख नव्हतंच. सकाळी अंगावरचं पांघरूण काढायला मला दहा-दहा मिनिटं लागायची. आंघोळ टळायची. रंगांच्या ट्यूबांची झाकणं चिकटून बसली. आणि आमच्या वर्तुळातली वडीलधारी माणसं, माझ्यावर खरंच माया करणारी, म्हणायची, "कलावंत आहेस, असं होणारच. यातूनच काम निघेल." माझ्या आजाराचं त्यांनी कौतुक केलं. सात महिने मी त्या कौतुकावर काढले. काम निघालं नाही.

शेवटी शेजारच्या वहिनींनी मला दारात अडवलं. त्या एका रुग्णालयात सिस्टर होत्या. चित्रातलं त्यांना काही कळत नव्हतं. त्यांनी विचारलं, "किती दिवस झाले गं वेणी घातली नाहीस?" मला सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुट्टी टाकली आणि मला ओपीडीच्या रांगेत स्वतः उभं केलं.

पुढचं तुला जसं झालं तसं सांगते, सुधारून सांगत नाही. पहिल्या तीन आठवड्यांत काही फरक पडला नाही, उलट मळमळायचं. मग झोप जागेवर आली. मग भूक. चित्र नाही, भूक! वरण-भाताचा वास यायला लागला. पण त्या औषधाने मला सगळं कापसाच्या बोळ्यातून ऐकू येतंय असं वाटायचं. रडू येत नव्हतं आणि हसूही. तुला ज्याची भीती वाटते ते हेच. मी डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी औषध बदललं, आणि तो कापूस निघाला. तिसऱ्या महिन्यात मी ब्रश धुवायला घेतले. अकरापैकी चारच कामाचे उरले होते. चौथ्या महिन्यात पहिलं चित्र केलं, ते वाईट होतं. त्यानंतरचंही वाईट होतं. पण मी ती पुरी केली होती, आणि आदल्या सात महिन्यांत मला रेघही ओढता आली नव्हती.

तू विचारतोस, मोठ्या चित्रकारांनी भोगलं म्हणून ते मोठे झाले ना. तुझ्या मनात कोण आहे ते मला माहीत आहे, आपल्या सगळ्यांच्या मनात तोच असतो. तर त्याचं वर्ष नीट बघू. १८८९च्या मे महिन्यात व्हॅन गॉग आपण होऊन सँ-रेमीच्या मनोरुग्णालयात दाखल झाला आणि पुढच्या मेमध्ये बाहेर पडला. त्या वर्षभरात त्याने सुमारे १५० चित्रं केली. हा आकडा ऐकून आपण म्हणतो, बघा, वेडातून केवढं काम झालं! पण त्याच वर्षात त्याला झटके येत, काही तर आठवडेच्या आठवडे टिकत, आणि त्या काळात त्याचं काम बंद पडे. एका झटक्यात त्याने रंग तोंडात घातले, तेव्हा डॉक्टरांना रंग त्याच्यापासून लांब ठेवावे लागले. म्हणजे आजार जोरात असे तेव्हा त्याच्या हाती ब्रशच नसे. आज आपण ज्यांची पोस्टरं भिंतीवर लावतो ती चित्रं मधल्या बऱ्या दिवसांतली आहेत. चित्रकार म्हणून त्याला उणीपुरी दहा वर्षं मिळाली; गेला तेव्हा तो ३७ वर्षांचा होता. त्याच्या हातून पन्नाशीत काय झालं असतं हे आपल्याला कधीच पाहता येणार नाही, आणि ते आजाराने नेलं.

दुसरा मुंक, 'द स्क्रीम' काढणारा नॉर्वेचा चित्रकार. तो तुझ्यासारखंच बोलायचा. माझं दुखणं माझ्या कलेपासून वेगळं काढता येणार नाही, या अर्थाचं त्याने लिहून ठेवलं आहे. १९०८ साली, दारू आणि भास यांनी पार मोडून पडल्यावर, तो कोपनहेगनच्या एका दवाखान्यात दाखल झाला आणि काही महिने राहिला. बाहेर आल्यावर आणखी ३५ वर्षं त्याने चित्रं केली. ऑस्लो विद्यापीठाच्या सभागृहातली सूर्याची प्रचंड चित्रं त्यानंतरची. १९४४ मध्ये, ८० वर्षांचा होऊन गेला. नंतरच्या मुंकमध्ये आधीची धार नाही असं म्हणणारे समीक्षक आहेत, हे तुझ्यापासून लपवत नाही. मला तो सूर्य फार मोठा वाटतो. पण समीक्षक खरे धरले तरी मला सांग, धार थोडी कमी झालेली ३५ वर्षं वाईट का?

जपानी चित्रकार यायोई कुसामा १९७७पासून टोकियोतल्या मनोरुग्णालयात स्वतःच्या इच्छेने राहते. स्टुडिओ जवळच आहे. उपचार तिकडे, काम इकडे, असं तिने जवळजवळ अर्धं शतक चालवलं आहे.

आणखी एक गोष्ट चित्रकारांच्या चरित्रांत येत नाही. आप्पांच्या साखर कारखान्यातही हा आजार असलेले लोक असणार. शिपाई असतील, शेतकरी असतील. त्यांच्या आजारातून चित्र निघत नाही. आजारातच चित्र असतं तर त्यांनाही आलं असतं. तुला चित्र येतं ते तू लहानपणापासून पाट्यांची अक्षरं बघितलीस म्हणून, हजारो तास हात चालवलास म्हणून, आणि ती गोष्ट कुठल्याही गोळीला मेंदूतून पुसता येत नाही.

तरीही तू म्हणशील, काम न होणं म्हणजे आजारच कशावरून? बरोबर आहे, प्रत्येक थांबणं आजार नसतो. अमूर्त चित्रं करणारे वासुदेव गायतोंडे वर्षाला मोजकीच चित्रं करत. दिवसचे दिवस बसून राहत, विचार करत, आणि मग रंग लावत. त्यांना कुणी गोळ्या द्यायला हव्या होत्या असं मी म्हणणार नाही. फरक कुठे आहे ते बघ. गायतोंडे बसत तेव्हा चित्राकडे तोंड करून बसत. त्यांना तिथे असावंसं वाटे. तू कॅनव्हासकडे पाठ करून झोपतोस. आणि फक्त चित्रच थांबलेलं नाही ना? जेवण थांबलंय, झोप उलटीपालटी झालीय, जगणंच नकोसं वाटतंय. मन सतत खाली, कशातच रस नाही, असं दोन आठवडे टिकलं तरी डॉक्टर त्याकडे गंभीरपणे बघतात. तुझे अडीच महिने झाले. पडशालाही आपण एवढी मुदत देत नाही.

म्हणून जा. मुंबईत आहेस, ही या बाबतीत मोठी सोय आहे. परळचं केईएम रुग्णालय आहे, भायखळ्याचं जे. जे. रुग्णालय आहे. ज्या जमशेटजी जीजीभॉयांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईचं कला विद्यालय उभं राहिलं, त्यांच्याच देणगीतून त्याआधी बारा वर्षं हे रुग्णालय सुरू झालं होतं. आपण चित्रकार लोक एका जे. जे.चं नाव छाती पुढे काढून सांगतो आणि दुसऱ्या जे. जे.च्या मानसोपचार विभागात गेलो हे मात्र कुजबुजत सांगतो. केसपेपरला किरकोळ पैसे लागतात. रांग मोठी असते, सकाळी लवकर जावं लागतं, डॉक्टर घाईत असतात. तुझ्यासारख्याला नेमकं तिथेच काही सुचत नाही, म्हणून आदल्या रात्री कागदावर लिहून ने: किती वाजता झोपतोस, किती जेवतोस, कधीपासून, जाग न येण्याचा तो विचार किती वेळा येतो. घरात कुणाला असं झालं होतं का. दारू, तंबाखू, गांजा काही असेल तर तेही खरं लिही. कॉलेजात या गोष्टींना कलेचा मान मिळतो, पण डॉक्टरला फक्त हिशेब हवा असतो. आणि एक गोष्ट विसरू नकोस. कधी याच्या उलटं झालं होतं का? तीन-चार दिवस झोपच नको, डोकं भन्नाट चालतंय, एका दमात आठ कॅनव्हास, पैसेही उधळले? आपण त्याला 'झोनमध्ये होतो' म्हणतो आणि डॉक्टरला सांगत नाही. त्यावर औषध कोणतं द्यायचं ते ठरतं, म्हणून ते सांगायलाच हवं. ते बहुधा रक्तही तपासायला सांगतील, थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन. एक वेळ जेवून रात्र जागणाऱ्या पोराचं यात काही कमी निघालं तर मला नवल वाटणार नाही.

औषध सुरू झालं तर दोन ते सहा आठवडे त्याला द्यायचे असतात. नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्या झोपेच्या गोळीसारखी सवय लावत नाहीत, पण बरं वाटलं म्हणून मनाने एका दिवसात बंद करायच्या नसतात. तुझ्या वयात पहिल्या काही आठवड्यांत कधी कधी अस्वस्थपणा वाढतो, नको ते विचार वाढतात. तसं झालं तर पुढच्या तारखेची वाट न बघता परत जायचं. हे तुझ्या मित्रालाही सांगून ठेव. मला आला तसा कापूस तुलाही आला तर सहन करत बसू नकोस, डॉक्टरला सांग. कदाचित डॉक्टर म्हणतील, आत्ता गोळ्या नकोत, समुपदेशन करू. तेही चालेल. कशाची गरज आहे ते त्यांना ठरवू दे.

आता ज्युरी. इथे मला कबुली द्यायची आहे, कारण टेबलाच्या त्या बाजूला मी वर्षानुवर्षं बसले आहे.

ज्युरीच्या दिवशी आमच्यासमोर तीस-चाळीस मुलांची कामं असतात. सकाळी दहाला आम्ही एकेका कामापुढे वीस मिनिटं उभे राहतो. जेवणानंतर सात मिनिटं. चारनंतर पाय दुखत असतात, चहा गार झालेला असतो, आणि प्रत्येक मुलाला काहीतरी बोललं पाहिजे म्हणून आम्ही बोलतो. 'यात तू कुठे आहेस' हे वाक्य मी स्वतः वापरलं आहे. किती वेळा ते मोजता येणार नाही. ते खोल वाटतं, सगळ्या चित्रांना लागू पडतं, आणि बोलणाऱ्याला त्यासाठी चित्र नीट बघावं लागत नाही. एक मुलगी ते ऐकून हसली होती, मान डोलावली होती, आणि पुढच्या सत्रात तिने उपयोजित कलेकडे बदली मागितली. पुष्कळ वर्षांनी ती भेटली तेव्हा तिला ते वाक्य तारखेसह पाठ होतं. मला तिचं चित्र आठवत नव्हतं. त्याची खंत मला आजही आहे, आणि तुझ्या सरांच्या वतीने नाही तर माझ्या वतीने मी तुझी माफी मागते.

शिवाय तो प्रश्न बाविसाव्या वर्षी विचारण्यासारखाच नाही. गायतोंड्यांनी पदविका घेतली १९४८ साली. त्यांच्या सुरुवातीच्या कामात माणसं आहेत, लघुचित्रांची रेघ आहे, पॉल क्ली या युरोपियन चित्रकाराचा प्रभाव स्वच्छ दिसतो. ज्याला आपण आज 'गायतोंडे' म्हणून लांबून ओळखतो तो पुढच्या दशकाच्या अखेरीस कुठे दिसू लागतो. १९५० साली त्यांना कुणी विचारलं असतं, यात तू कुठे आहेस, तर त्यांनी काय दाखवलं असतं? 'हात चांगला आहे' हा त्या वाक्याचा पहिला भाग तू ऐकलासच नाहीस. थकलेल्या परीक्षकाच्या तोंडूनही तो उगाच निघत नाही. पाट्या रंगवणाऱ्याच्या पोटचा हात आहे तो.

बरं वाटू लागलं की त्या सरांना एकटं गाठ आणि विचार, "सर, कोणतं चित्र बघून तसं वाटलं?" चांगले शिक्षक असतील तर तुझ्यासोबत पुन्हा चित्रापुढे उभे राहतील.

इन्स्टाबद्दल फार लिहीत नाही, ते तुला माहीत आहे. बॅचमधली पोरं विकलेलं चित्र टाकतात, परत आलेलं टाकत नाहीत. महिनाभर फोनवरून ते काढून टाक, आणि जमलं नाही तर निदान झोपायच्या खोलीत फोन नेऊ नकोस.

फ्लेक्सचं मात्र मला सविस्तर लिहायचं आहे. तुझ्या पत्रात ते तू दोन ठिकाणी तोडून लिहिलंस, वर आप्पांचं काम गेलं आणि खाली तुझं जातंय. पण तुझ्या छातीवर जे बसलंय ते या दोन ओळी जोडल्यावर कळतं. तुला वाटतंय, आप्पांचं जे यंत्राने केलं तेच माझं होणार, आणि त्यांनी तर ते होऊन गेल्यावर मला इथे पाठवलं. हो ना?

मी तुला खोटा धीर देणार नाही. स्वस्तातलं, भराभर लागणारं, नाव नसलेलं काम, चॅनेलची बॅकग्राउंडं, साधी मुखपृष्ठं, जाहिरातीची कच्ची चित्रं, हे एआय खातंय. ते सगळं परत येईल असं मला वाटत नाही. फ्लेक्स आला तेव्हाही आम्ही शहरातले लोक म्हणत होतो की हाताच्या अक्षराला पर्याय नाही. पर्याय निघाला, आणि तुझ्या आप्पांसारखे कितीतरी पेंटर घरी बसले. त्याबद्दल कुणी शोकसभा घेतली नाही. तुझ्या घरात ते दुःख कधी बोललं गेलंय का? मला वाटतं नसावं. मग तू तुझं आणि त्यांचं अशी दोन दुःखं एकट्याने वाहतो आहेस.

पण आप्पांच्या आणि तुझ्या स्थितीत एक फरक आहे, तो कोरडेपणाने बघ. त्यांच्याकडे अक्षर होतं, आणि त्या अक्षराला गिऱ्हाईक एकच होतं, तालुक्याची बाजारपेठ. तुझ्याकडे चार-पाच वर्षांचं ड्रॉइंग आहे, रंगाचं ज्ञान आहे, शिकवता येतं, भिंत रंगवता येते, आणि नोकरी करता करता चित्र करायचा रस्ता आपल्याकडे नवा नाही. हुसेन यांनी सिनेमाची होर्डिंगं रंगवली आणि लहान मुलांची खेळणी व फर्निचर डिझाइन केलं. प्रभाकर बरवे १९६१ साली विणकर सेवा केंद्रात लागले, आधी वाराणसीला, मग मुंबईला, आणि दोन दशकं कापडाची डिझाइनं करत करत त्यांनी आपली चित्रं केली. भूपेन खख्खर चार्टर्ड अकाउंटंट होते आणि चित्रकार म्हणून नाव झाल्यावरही बडोद्यात हिशेबाची नोकरी करत राहिले. यांतल्या कुणाला तू अर्धा चित्रकार म्हणशील? पूर्णवेळ चित्रकार नाही तर चित्रकारच नाही, ही कल्पना कॉलेजच्या कँटीनमध्ये तयार होते आणि बाहेरच्या भाड्याच्या खोलीत माणसाला जाळते.

मात्र नोकरी, एआय, चित्रकला सोडायची की नाही, यांतलं काहीही आत्ता ठरवू नकोस. तापात घर विकायला काढत नाहीत. तीन महिने तरी हा प्रश्न झाकून ठेव.

रोजचं काम तोवर चालू ठेवावं लागेल, कारण भाडं थांबत नाही. चॅनेलवाल्याकडून काम घेताना निम्मे पैसे आधी माग, दुरुस्त्या किती वेळा करणार ते व्हॉट्सॲपवर आधीच लिही, आणि 'पेमेंट पुढच्या आठवड्यात' हे दोनदा ऐकलं की पुढची फाइल पाठवू नकोस. काम दिवसा कर. रात्री दोननंतर केलेल्या कामाला कुणी जास्त पैसे देत नाही. वर्गशिक्षकांना किंवा विभागप्रमुखांना भेट आणि सबमिशनला मुदत माग. डॉक्टरचा कागद हातात असला की ते सोपं जातं. वर्ष गेलं तर? जाऊ दे. तुला ते आज अशक्य वाटेल, पण माझ्या हाताखालून वर्ष गमावलेली कितीतरी मुलं गेली आणि आज ती चित्रं करताहेत. कुणी त्यांना विचारत नाही, पदवी कोणत्या साली मिळाली.

अजून एक. तू तैलरंग वापरत असशील आणि त्याच खोलीत झोपत असशील, तर टर्पेंटाइनची बाटली आणि भिजलेली फडकी उशाशी असतील. बंद खोलीत त्या वाफेने डोकं दुखतं, मळमळतं, झोप खराब होते. बाटलीचं झाकण घट्ट लाव, फडकी झाकणाच्या डब्यात टाकून खोलीबाहेर ठेव, खिडकी उघड. हे आज करता येईल.

आणि आप्पा. त्यांना 'डिप्रेशन' हा शब्द सांगायची गरज नाही, तो शब्द त्यांना घाबरवेल. फोन कर आणि म्हण, "आप्पा, मला झोप येत नाही, जेवण जात नाही, डॉक्टरला दाखवायला चाललोय." एवढं त्यांना पूर्ण कळेल. मग कधीतरी, फोनवर नाही, गावी गेल्यावर, त्यांना विचार, शेवटची पाटी कुठली रंगवलीत. त्या दिवशी काय झालं होतं. तू ऐक फक्त. ज्या माणसाने स्वतःचं सगळं जाताना पाहिलं आणि तरीही पोराला रंगच घेऊन दिले, त्याला तुझ्याकडून यश हवंय असं तुला वाटतं. त्याला काय हवंय ते तू अजून विचारलेलं नाहीस.

कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेव किंवा मित्राच्या खोलीवर नेऊन टाक, रोज डोळ्यांसमोर नको. काही काढावंसं वाटलंच तर आप्पांची अक्षरं काढ, जुन्या वर्तमानपत्रावर, सपाट ब्रशने. नाही वाटलं तर नाही.

या आठवड्यात ओपीडीचा वार बघ, मित्राला सोबत घे. रांगेत उभा राहिलास की मला दोन ओळी पाठव, कुठल्या दिवशी गेलास आणि पुढची तारीख काय मिळाली. चित्राबद्दल मी विचारणार नाही.

– ताई